बंद करू नये

१

आवाज चोरीला गेला होता. निदान आवाजघरातले सगळे तसंच म्हणत होते, आणि चोर घरातलाच आहे हे म्हणायची हिंमत कुणाची नसली तरी प्रत्येकजण दुसऱ्याकडे तिरक्या डोळ्याने बघत होता.

आवाजघर म्हणजे दोन मजल्यांची एक साधी संस्था. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज जाणार असतो अशी माणसं आधी इथे येतात, काचेच्या खोलीत बसतात आणि रोजच्या बोलण्यातली वाक्यं वाचतात. दार लाव. पाणी दे. औषध घेतलंस का? पुढे एक छोटं यंत्र त्यांच्याच आवाजात त्यांच्यासाठी बोलतं. अशा शेकडो माणसांचे आवाज खालच्या खोलीतल्या सर्व्हरवर होते. एका सकाळी त्या सर्व्हरची डिस्क कुरकुरली, खरवडली आणि गेली.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. सगळ्याची एक प्रत क्लाउडवर होती. ती उतरवून घेतली, माणसामागून माणूस परत आला आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मग कळलं की एक आवाज आलेलाच नाही. तोही नेमका कुणाचा, तर इथल्या ध्वनिमुद्रकाच्या बायकोचा. ती शस्त्रक्रियेनंतर वाचली नव्हती. जगात तिचा आवाज तेवढाच उरला होता.

तेव्हा चाळणीबाईंना बोलावणं गेलं. हरवलेल्या फायली शोधणं हा बाईंचा धंदा. राखेतूनही दाणे निवडतात म्हणून धंद्यातल्या लोकांनी हे नाव ठेवलं होतं आणि बाईंनीही ते लावून घेतलं होतं. नवरा गेल्यापासून त्यांचं बोलणं जरा तिखट झालं होतं. 'फाइल म्हणजे फाइल, रडायचं असेल तर बाहेर जा,' असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत.

त्यांनी आधी मेलेली डिस्क उघडली आणि दिव्याखाली धरून पाहिली. तबकडीवरचा थर पार खरवडून निघाला होता.

"हिच्यात काही नाही," त्या म्हणाल्या. "आता माणसं चाळावी लागतील."

२

ध्वनिमुद्रकाला सगळे काका म्हणत, आणि त्यांच्या बायकोला वहिनी. काका काचेच्या खोलीबाहेर स्टुलावर बसले होते. मांडीवर हेडफोन होते आणि त्यांची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

आत टेबलावर रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर चालूच होता. त्याच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली होती, 'बंद करू नये.' अक्षर गोल आणि बायकी होतं. पडद्यावर हिरव्या टेकड्यांची रांग दिसत होती, आवाजाची दिसते तशी. अगदी शेवटी, एका सपाट पट्टीनंतर, एकच बुटकी टेकडी होती आणि तिच्या अलीकडे एक लाल रेघ उभी होती. सर्व्हर गेल्यापासून तो प्रोग्राम तसाच अडकून पडला होता. बाईंनी ते सगळं पाहिलं आणि पुढे गेल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

"शेवटचं कधी ऐकलंत?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या सगळ्यांनाच पहिल्यांदा विचारत.

"आदल्या संध्याकाळी. सगळे गेले की मी रोज ऐकतो."

"पूर्ण?"

काकांनी वायर बोटाला गुंडाळली. "जवळजवळ."

"घरी एखादी प्रत?"

"नाही. इथल्या कुणी आवाज घरी न्यायचा नाही, हा नियम माझाच. लोकांना नाही म्हणायचं आणि स्वतः खिशात घालून न्यायचं, हे मला जमलं नसतं."

"कुणाचं तुमच्याशी वैर?"

"वैर कसलं? सगळे सांभाळूनच घेतात मला." काका थांबले आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तिचा चेहरा आठवतो. ती चालायची कशी, ते आठवतं. आवाज आठवत नाही. जन्मभर कानांवर जेवलो मी, आणि कानांनीच दगा दिला. कालपासून खोलीत बसून आठवतोय, तर माझाच आवाज येतो."

रडायचं असेल तर बाहेर जा, हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं नाही. त्यांना स्वतःच्या फोनमधला एक जुना निरोप आठवला, 'यायला उशीर होईल, तू झोप' असा. तो त्यांनी किती वर्षं पुसला नव्हता, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"आणेन मी," त्या म्हणून गेल्या. धंद्यात इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला असा शब्द दिला नव्हता.

३

क्लाउडचं काम केलं होतं लंबूने. अंगाने ताडमाड, आवाजाने एवढासा, घरी तान्हं बाळ. झाल्या प्रकारानंतर डॉक्टरबाईंनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, त्याला महिनाअखेर दुसरीकडे बघायला सांगितलं होतं.

"मी पुसलं नाही हो," तो पहिल्याच वाक्याला म्हणाला.

"विचारलं का मी? आधी दाखव."

लंबूने ती काळी खिडकी उघडली. तिथे माउस चालत नाही, हुकूम टाइप करूनच द्यावा लागतो. पूर्वी आवाजांच्या प्रती कपाटातल्या डिस्कांवर जात. यंदा त्या क्लाउडवर न्यायच्या ठरल्या. तिथे भाड्याने मिळणाऱ्या जागेला बकेट म्हणतात. लंबूने ओळीखाली ओळ हुकूम लिहून एक स्क्रिप्ट केली होती. ती रोज रात्री आपोआप उठायची, सर्व्हरवरचं जे नवं किंवा राहिलेलं असेल ते बकेटमध्ये टाकायची आणि शेवटी 'झालं' असं लिहून झोपायची.

"वहिनींचं फोल्डर काढ."

त्याने काढलं. फोल्डर होतं. आत वहिनींचा फोटो होता आणि त्यांनी वाचलेल्या वाक्यांची यादी होती. आवाज तेवढा नव्हता.

"गंमत आहे," बाई म्हणाल्या. "ज्याला राग असेल तो अख्खं फोल्डर उडवेल. ज्याला हवं असेल तो प्रत काढून घेईल आणि मूळ जागच्या जागी ठेवेल. फोटो ठेवून आवाज नेणारा चोर मी अजून पाहिला नाही. तुझी स्क्रिप्ट वरचं पुसू शकते?"

"नाही. तिला फक्त टाकायची परवानगी आहे. आणि हाताने कुणी पुसलंच तरी बकेट त्याची खूण ठेवते. हे बघा, खूण नाही."

"जुन्या डिस्का?"

लंबूने मान खाली घातली. "परत काही मिळू नये अशा पुसून शाळेला दिल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी सगळं वर गेलंय का बघ. मी फोल्डर मोजले, इकडचे आणि तिकडचे. बरोबर भरले."

"डोकी मोजलीस. अंगात जीव आहे का ते नाही पाहिलंस."

बाईंनी चष्मा वर केला आणि स्क्रिप्ट ओळीने वाचली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. एखादी फाइल कुणी उघडून धरली असेल तर तिला हात लावू नकोस, पुढच्या रात्री घे, असा त्या ओळीचा अर्थ होता.

"हे कशाला?"

"काकांनीच सांगितलं होतं. एकदा चालू रेकॉर्डिंग अर्धंच वर गेलं, त्या आजोबांचं वाक्य मधेच तुटलं. काका म्हणाले, माणूस बोलत असताना मधे हात घालायचा नाही."

"आणि अशी सोडलेली फाइल कळते कुणाला?"

"रोज सकाळी डॉक्टरबाईंना मेल जायची. मग त्यांनीच ती बंद करायला लावली. का, ते सांगितलं नाही."

बाई खुर्चीतून उठल्या. "तुझी नोकरी राहते की जाते मला ठाऊक नाही. पण चोरी झालीच नाही, एवढं नक्की. तो आवाज वर कधी गेलाच नव्हता."

लंबूचा चेहरा उजळायच्या ऐवजी आणखी पडला.

४

स्वागतकक्षात बसायची ती वहिनींची सख्खी धाकटी बहीण. सगळे तिला धाकटीच म्हणत. तिच्यावर संशय घ्यायला जागा होती. ताईच्या आवाजाची प्रत तिने मागितली होती, काकांनी नियम दाखवला होता, आणि त्यावरून दोघांत भर दुपारी शब्दाला शब्द लागला होता.

"प्रत काढायला गेली होतीस?" बाईंनी आडवळण न घेता विचारलं.

धाकटीने फोनचा रिसीव्हर उगाच नीट ठेवला. "गेले होते. भाऊजी घरी गेल्यावर पेन ड्राइव्ह घेऊन गेले. आईला ऐकवायचं होतं हो. आईला आता दिसत नाही, फोटो दाखवून काय उपयोग?"

"मग?"

"जमलं नाही. दोन-तीनदा केलं. प्रत्येक वेळी ते म्हणे, फाइल वापरात आहे, आधी बंद करा."

बाईंच्या हातातला पेनाचा चाळा थांबला. "भाऊजी घरी गेले होते म्हणालीस ना?"

"हो. पण ते जाताना ती खिडकी बंद करत नाहीत. कधीच नाही. दुसरं काम असलं तर शेजारी दुसरी खिडकी उघडतात. ताईची तशीच राहते, मधेच थांबवलेली. मागे एकदा, क्लाउड यायच्या आधी, साफसफाईवाल्या बाईंनी तो कॉम्प्युटर बंद केला, तर भाऊजी लहान मुलासारखे रडले. तेव्हा मीच ती चिठ्ठी लावली."

"आणि त्या दिवशी तू खिडकी बंद करून प्रत नाही काढलीस?"

"कशी करणार? ते जिथे थांबवून गेले होते ती जागा पुसली गेली असती." धाकटीने डोळे पुसले. "भांडले होते मी त्यांच्याशी. पण तेवढं नाही करवलं."

या मुलीने चोरी धडपणे केली असती तर आज तो आवाज शाबूत असता, हे तिला सांगून काय मिळणार होतं?

५

डॉक्टरबाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वहिनींना त्यांनीच या संस्थेत आणलं होतं, आधी मैत्रीण म्हणून आणि शेवटी रुग्ण म्हणून.

"ती मेल बंद का करायला लावलीत?" चाळणीबाईंनी विचारलं.

"रोज उठून कटकट नको म्हणून."

"डॉक्टरबाई, मी पोलीस नाही. मला फक्त तो आवाज हवाय."

डॉक्टरबाईंचा आवाज फाटका होता. "रोज सकाळी पहिली मेल तीच असायची. तिच्यात एकच नाव. तिचं. 'ही फाइल सोडली, पुढच्या रात्री घेऊ.' रोज डोळे उघडले की तिचं नाव समोर, आणि बाजूला 'सोडली.' मला नाही बघवलं. लंबूला म्हटलं, बंद कर ते. वाटलं, जाईल आपोआप कधीतरी."

"आणि शिक्षा त्याला?"

"त्याला कारण सांगायला तोंड नव्हतं माझं." त्या वळल्या. "काकांना मी बजावलं होतं, खोलीत असं रोज बसू नका, जगायला लागा. लोकांना वाटतं मीच चिडून पुसलं. वाटू दे. खरं त्याहून वाईट आहे."

"अजून संपलं नाही," चाळणीबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष दाराबाहेर गेलं होतं. समोरच्या काचेच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत लंबू टेबलापाशी वाकला होता. काहीतरी कामाला यावं म्हणून तो त्या अडकलेल्या कॉम्प्युटरकडे गेला होता आणि त्याचं बोट बटणावर होतं.

चाळणीबाई आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी ओरडल्या नव्हत्या. "हात मागे!"

६

सगळे काचेच्या खोलीत जमले. बाईंनी दार लावून घेतलं. त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही, त्यामुळे कुणी नाक ओढलं तरी ऐकू येत होतं.

"कुणी केलं?" काकांनी विचारलं.

बाईंना एरवी उत्तर द्यायला क्षण लागत नसे. आज त्यांनी लंबूकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि जमिनीकडे पाहिलं.

"सांगा बाई. कुणी गप्प बसलं की मला जास्त ऐकू येतं."

"कुणीच चोरलं नाही," बाई म्हणाल्या. "लंबूने उघडी फाइल सोडायची ओळ लिहिली, कारण बोलणारं माणूस तुटू नये. डॉक्टरबाईंनी मेल थांबवली, कारण मैत्रिणीचं नाव बघवेना. धाकटीने चिठ्ठी लावली, कारण तुमचं रडणं बघवेना. आणि..."

"आणि मी ती कधी बंदच केली नाही," काका म्हणाले.

काका स्टुलावर बसले. त्यांनी दोन्ही तळवे कानांवर ठेवले.

"रोज रात्री ती स्क्रिप्ट न्यायला आली," ते म्हणाले. "आणि रोज मीच धरून ठेवलं. एक रात्र सोडलं असतं तरी..."

धाकटी पुढे झाली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी, धरायचंच असतं हो माणसाला."

बाईंनी पाणी घेतलं. मग पडद्यावरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं. "काका, तुम्ही रोज इथेच का थांबता? ही पुढची छोटी टेकडी काय आहे?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"वाक्यं संपली तेव्हा मी हेडफोन काढून उठलो होतो, दाराशी कुणीतरी आलं होतं. रेकॉर्डिंग चालूच राहिलं. तेवढ्यात ती काहीतरी बोलली. मला काचेतून नुसते ओठ दिसले. नंतर विचारलं तर हसली, म्हणाली, ऐका की सावकाश. मग दुसऱ्याच दिवशी दवाखाना." काकांनी रेघेकडे पाहिलं. "ती गेल्यावर ऐकायचा धीर झाला नाही. ते ऐकलं की तिचं बोलणं संपलं. ऐकलं नाही तोवर तिला अजून मला काहीतरी सांगायचं आहे. म्हणून रोज इथवर येतो आणि थांबतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग ऐका. हे असले प्रोग्राम थांबवले तरी हावरे असतात. अडखळू नये म्हणून रेघेच्या पुढचा घासभर आवाज आधीच वाचून आपल्या पोटात ठेवतात. सर्व्हर मेला तेव्हा रेघ इथे होती. मागचं सगळं गेलं, काका. त्याची आशा मी देत नाही. पण हे पुढचं, ही टेकडी, अजून आत असू शकते. लंबूने आत्ता बटण दाबलं असतं तर तीही गेली असती."

"असू शकते," काकांनी शब्द पुन्हा उच्चारले.

"नक्की नाही. आणि एकदाच वाजेल. मग प्रोग्राम पुढचं मागायला जाईल, सर्व्हर देणार नाही, आणि सगळं पडेल."

७

त्यानंतर काका उठले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच ते त्या खोलीचे मालक वाटले. कपाटातून त्यांनी हातात मावणारा रेकॉर्डर काढला. कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून वायर घेऊन ती रेकॉर्डरला जोडली, हलवून पाहिली, दुसरी वायर काढली आणि ती जोडली. आवाजाची पातळी ठरवायला वाजवून बघायची सोय नव्हती. त्यांनी डोळे मिटले, बायको किती हळू बोलायची ते आठवायचा प्रयत्न केला आणि अंदाजाने बटण फिरवलं.

"जरा वर असू दे," धाकटी कुजबुजली. "ताई शेवटी शेवटी थकायची."

काकांनी बटण थोडं वर केलं. रेकॉर्डर चालू झाला, त्याचा लाल दिवा लागला. मग कळफलकावर बोट ठेवून ते थांबले.

"हे दाबलं की संपलं," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

कुणी त्यांना दाबा म्हटलं नाही. डॉक्टरबाईंनी भिंतीला टेकून तोंडावर पदर धरला होता.

काकांनी दाबलं.

आधी खोलीचीच सरसर आली, त्याच खोलीची, वहिनी तिच्यात बसलेल्या असतानाची. खुर्ची करकरली. मग एक बाई हलकेच हसली आणि बोलली, थोडी घोगरी, थकलेली, आणि तरी खट्याळ.

"अहो, झालं ना? मग बंद करा आता ते. किती माझंच ऐकत बसाल? चला, घरी जाऊ."

रेघ टेकडी ओलांडून पुढे सरकली, अडखळली, आणि पडदा पांढरा झाला.

काका रडले. मोठ्याने रडले, तोंड न झाकता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेल्या त्या खोलीत रडायला काही हरकतही नव्हती. धाकटी त्यांच्या खांद्याला डोकं लावून रडली. डॉक्टरबाई लंबूपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "तुला कुठे जायची गरज नाही. माझी चूक मी सांगितली नाही, म्हणून ती तुझ्या डोक्यावर आली." चाळणीबाई भिंतीकडे तोंड करून वायर गुंडाळत होत्या, आणि वायर केव्हाच गुंडाळून झाली होती.

पुष्कळ वेळाने काकांनी कॉम्प्युटरच्या कडेची पिवळी चिठ्ठी नखाने सोडवली, घडी घालून धाकटीच्या हातात दिली आणि बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. पंखा घरघरत थांबला. तो इतकी वर्षं चालू होता हे तो थांबल्यावर सगळ्यांना जाणवलं.

"प्रत काढ," ते धाकटीला म्हणाले. "आईला ऐकव. नियम मी केला होता, मीच मोडतो."

लंबूने रेकॉर्डरमधली ती इवलीशी फाइल वहिनींच्या फोल्डरमध्ये ठेवली, फोटोशेजारी. काकांनी पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबले.

"आज रात्री जाईल ना ही वर?"

"जाईल, काका," लंबू म्हणाला. "आता कुणी धरून ठेवलेली नाही."

काकांनी मान डोलावली आणि दिवा मालवून ते घरी गेले.